पूल पाडाना शे

लताबाईला त्या शब्दाचा राग पहिल्यापासूनच होता. नवरा सुरतेहून कायमचा परत आला तेव्हा तिला वाटलं होतं, चार बऱ्या साड्या आणील, गेलाबाजार घारीच्या मिठाईचा एखादा डबा तरी आणील. त्यानं आणला एक वापरलेला कॅमेरा आणि एक शब्द. हिलाल आधी तिकडे उधन्याला कापडाच्या मागावर होता, मग तिथल्याच एका फोटो स्टुडिओत लागला. आणि सुरतेत फोटो काढत नाहीत, पाडतात. गुजराती बोलीच तशी. सारी उमेदीची वर्षं तेच ऐकलेलं, त्यामुळे सारोळखेड्याला येऊन फोटोचा धंदा सुरू केल्यावरही ते जिभेवरून उतरेना. लग्नात हा स्टुलावर उभा राहून ओरडायचा, "सरका रे, नवरी पाडी लेऊ द्या," आणि वऱ्हाड पोट धरून हसायचं.

हसता हसता गावानं तो शब्द उचलला. खानदेशी माणसाला सुरत म्हणजे नाहीतरी दुसरं घर, घरटी एक जण तिकडे. वर्षभरात अशी गत झाली की पोराचं जावळ असो, पोळ्याचे बैल असोत, नवा ट्रॅक्टर असो, "हिलालले बलाव, पाडी लेई" याशिवाय कोणी बोलेना. नवलभाऊ सरपंचाला एकाही निवडणुकीत कोणी पाडू शकलं नव्हतं, त्याला हिलालनं एका सत्यनारायणात दहा वेळा पाडलं, असं लोक पारावर बसून सांगत. लताबाई तेवढी कुरकुरायची. शुभकार्यात पाडणं-बिडणं काय बोलायचं, वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो, असं तिचं म्हणणं. हिलाल हसायचा. वास्तुपुरुषाला अहिराणी येते तशी गुजरातीही येत असेल, तो समजून घेईल, म्हणायचा. वास्तुपुरुषानं घेतलंही असेल समजून. सरकारनं नाही घेतलं.

आता पुलाचं सांगायला हवं. सारोळखेडं नदीच्या अलीकडे आणि महामार्ग पलीकडे. मधला पूल नवाकोरा. त्याच्या उद्घाटनाचे फोटोही हिलालनंच पाडलेले, हार-तुरे, फीत, कात्री सगळं. दुसरा पावसाळा गेला आणि मधल्या खांबाला तडा पडला. शाळेच्या गाड्या, कापसाचे ट्रक, पारोळ्याच्या बाजाराला जाणाऱ्या बाया, सगळी वाहतूक त्याच पुलावरून. हिलालनं तड्याचा फोटो नेऊन बांधकाम खात्याच्या कार्यालयात दाखवला. तिथल्या साहेबानं चष्मा पुसून तो पाहिला आणि म्हणाला, तडा आहे खरा, पण तो वाढतोय हे कशावरून?

झालं, हिलालच्या डोक्यात किडा शिरला. दर महिन्याला तो नदीच्या पात्रात उतरायचा, खांबाला लागूनच्या एका ठरावीक दगडावर उभा राहायचा आणि तोच खांब तेवढ्याच अंतरावरून पाडायचा. तडा केवढा ते नुसत्या फोटोत कळत नाही, म्हणून बरोबर आलेल्या कोणाला तरी तड्याशेजारी हात टेकवायला लावायचा. सुरुवातीला त्या फटीत करंगळी जात नव्हती. मग करंगळी गेली, मग अंगठा, मग दोन बोटं. हे सगळं तो गावाच्या ग्रुपवर टाकायचा. ग्रुपवरून फोटो बाहेर गेले, कोणी तरी त्यांच्यामागे रडकं गाणं लावलं आणि जिल्हाभर ते फिरले.

मग मात्र सरकार जागं झालं. एके सकाळी पुलाच्या तोंडाशी गाडी थांबली, सिमेंट उतरलं, खड्डे खणले गेले. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन चाललेली लताबाई दोन घटका तिथे थांबली. तिला वाटलं, चला, दुरुस्ती लागली. ते बोर्ड रोवत होते. पुलावर व परिसरात छायाचित्रण व चित्रीकरणास सक्त मनाई, आदेशावरून. आदेश कोणाचा ते लिहिलेलं नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हे.

बोर्ड लागला आणि गावाचा आवाज बसला. कोणी कोणाला काही बोललं नाही, पण ग्रुपवर देवांची चित्रं आणि शुभ सकाळ तेवढी उरली. लताबाईनंही नवऱ्याला सांगून पाहिलं की आता पुरे. तो चिडला. "मी काय बॉम फेकी राह्यनू का तठे?" म्हणाला. "नदी आपली, पूल आपला, डोया आपला. देखानी बंदी कोन करस?" आणि पुढच्या महिन्यात पुन्हा गेला. फरक एवढाच पडला की हात द्यायला कोणी मिळेना. फोटोत नुसता पंजा दिसला तरी आपण ओळखू येऊ, अशी भीती एकेकाला वाटायला लागली. पंजा ओळखणारे पोलीस असते तर चोऱ्या कशाला झाल्या असत्या, पण भीतीला हिशेब कळत नाही.

तेव्हा एका संध्याकाळी हिलालनं वैतागून ग्रुपवर लिहिलं, "सकायले पूल पाडाना शे. बठ्ठा या. हात लागतीन."

ध चा मा करायला निदान एक अक्षर तरी खोडावं लागतं. इथे कोणाला काही खोडावंच लागलं नाही. उद्या पूल पाडायचा आहे, सगळे या, हात लागतील. त्याच ग्रुपातल्या कोणी तरी ते वर पोचवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओसमोर पोलिसांच्या दोन गाड्या उभ्या राहिल्या.

स्टुडिओ तालुक्याच्या बाजारपेठेत होता, सुगनशेठच्या कापड दुकानाला लागून, त्यांच्याच गाळ्यात. पोलिसांनी कॅमेरा नेला, संगणक नेला, पडद्यावर रंगवलेला ताजमहालसुद्धा काढून नेला, का ते कोणाला विचारता आलं नाही. ठाण्यातला साहेब नवा, दूरच्या जिल्ह्यातून बदलून आलेला. त्यानं नाव विचारलं. हिलाल म्हटल्यावर त्याच्या भुवया वर गेल्या आणि बाजूच्या शिपायाकडे पाहून त्यानं असं काही तोंड केलं की नावावरून त्यानं कोणता धर्म ठरवला ते न बोलताच कळलं. आमच्याकडे हिलाल नावाचा माणूस पाटील निघतो, माळी निघतो, हे त्याला कोण सांगणार? बापाचं नाव कौतिक, आडनाव महाजन, हे ऐकल्यावर तो जरा थंड पडला. लताबाई दारातून ते बघत होती. साहेब थंड पडला तसं तिला हायसं वाटलं. आपल्याला हायसं का वाटलं हे कळून घरी गेल्यावर तिला तिचीच शरम वाटली, पण तेव्हा वाटलं ते वाटलंच.

गुन्हा मोठा लावला. सार्वजनिक मालमत्ता उद्ध्वस्त करण्याचा कट, त्यासाठी जमाव गोळा करणं, आणखी काय काय. हिलालला धुळ्याच्या तुरुंगात ठेवलं. पण पोलिसांच्या हाती होता तो फक्त एक मेसेज. कॅमेऱ्यात, संगणकात पुलाचा एकही फोटो सापडला नाही. त्या सकाळी हिलाल एकटाच पुलाखाली गेला होता, आला तेव्हा कॅमेऱ्यातलं कार्ड काढून त्यानं कुठे टाकलं ते लताबाईलाही सांगितलं नाही. पोलिसांना त्यानं सांगितलं, मी गेलोच नाही, आभाळ आलं होतं, उजेड नव्हता. फोन आणि संगणक त्यानं पोलीस येण्याआधीच पुसून कोरे केले होते. आणि गावाचं म्हणाल, तर अटकेची बातमी आली त्या तासाभरात अख्खा ग्रुप रिकामा झाला. ज्यांच्या लग्नाचे, बारशाचे, बापाच्या दहाव्याचे फोटो हिलालनं पाडले होते त्या सगळ्यांनी त्याचा नंबरसुद्धा पुसून टाकला.

धुळ्याच्या वकीलबाई, चारुलता मॅडम, वयानं लहान पण डोक्यानं थंड होत्या. एका मेसेजवर किती दिवस ठेवतील, म्हणाल्या. शब्दाचा अर्थ आपण कोर्टात सांगू, भाषेचे जाणकार आणू. तोवर कोणी काही बोलायचं नाही, पोलिसांकडे तर मुळीच जायचं नाही. तुम्ही घरी बसा, ताई, बसणं हेच तुमचं काम.

बसणं काय सोपं असतं का? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तारीख पडायची आणि पुढे ढकलली जायची. कधी न्यायाधीश नाही, कधी सरकारी वकील नाही, कधी कागद नाही. भेटीला गेलं की काचेपलीकडे हिलाल आणखी वाळलेला दिसायचा. आणि लताबाईला एक गोष्ट काही केल्या पटत नव्हती. तो गेलाच नाही असं कशाला म्हणायचं? गेला होता. फोटो पाडायला गेला होता. फोटो पाडणं म्हणजे काय कोणाच्या घरात शिरणं आहे? एवढं एक खरं कोणी साहेबासमोर उभं राहून सांगितलं की पाडणं म्हणजे काढणं, तर साहेब कपाळावर हात मारून घेईल, हसेल आणि माणूस सोडून देईल. तिला खरोखर असंच वाटत होतं. तिच्या बापाच्या काळी कदाचित तसं झालंही असतं.

म्हणून ती एक तोंड शोधायला निघाली. नवलभाऊकडे गेली. भाऊ, तुम्हाला माहीत आहे ना पाडणं म्हणजे काय? नवलभाऊ म्हणाला, लेकरालाही माहीत आहे, पण मी सरपंच, माझ्या सहीला किंमत आहे, म्हणूनच मला सही करता येत नाही. हे असं वाक्य राजकारणात मुरल्याशिवाय सुचत नाही. मग ती शाळेत गेली, सोसायटीत गेली, बेबाबाईकडे गेली, जिच्या तिन्ही मुलींची लग्नं हिलालनं पाडली होती. सगळ्यांनी चहा दिला. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. कुणाचा मुलगा पोलीस भरतीला बसलेला, कुणाचं रेशनचं दुकान, कुणाला नुसतीच धास्ती.

ठाण्यातला जीवराम हवालदार तर सारोळखेड्याच्या शेजारच्याच गावचा. त्याच्या नातवाच्या बारशाला हिलालच गेला होता, "आजाना मांडीवर बठाडा, पाडी लेतस" म्हणत. लताबाई त्याला रस्त्यात आडवी झाली. तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "वहिनी, साहेबले अर्थ समजाडू नका. जशे शे तशे राहू द्या." लताबाई जमिनीवर थुंकली आणि पुढे निघून गेली. हा वर्दीला घाबरतो, असं तिला वाटलं. तिथेच ती चुकली, पण त्या वेळी तिच्या जागी कोणीही चुकलं असतं.

शेवटी उरले सुगनशेठ. त्यांची सून जिनल सुरतेची. घरात दिवसभर तीच बोली. तिच्या लग्नात हिलालनं "भाभी, पाडू का?" विचारल्यावर खानदेशी पाहुणे हसले होते आणि ती एकटी हसली नव्हती, कारण तिला त्यात हसण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. लताबाईनं शेठच्या गादीसमोर बसून पदर पसरला. शेठनी हातातला गज बाजूला ठेवला. मग म्हणाले, आमच्या चार पिढ्या इथे मातीला मिळाल्या, तरी काही झालं की आम्ही बाहेरचे होतो, लताबाई. दुकान उघडं ठेवायचं तर तोंड मिटलेलं लागतं. त्यांचं खोटं नव्हतं, म्हणून लताबाईला रागही करता आला नाही. ती उठून आली.

दोन-चार दिवसांनी दुपारी शेठची गाडी तिच्या अंगणात येऊन थांबली. शेठ उतरले, मागून जिनल उतरली. "सून ऐकत नाही," शेठ म्हणाले. त्यांचा चेहरा आजारी माणसासारखा झाला होता, पण ते आले होते. जिनल पुढे झाली आणि लताबाईचा हात धरून म्हणाली, "काकी, आमच्या सुरतेत अख्खं शहर पाडतं. मग सगळ्यांना धरतील का? चला, मी सांगते." अटकेनंतर पहिल्यांदाच लताबाईच्या छातीवरचा दगड हलला. वकीलबाईंना फोन करावा असं एकदा मनात आलं. पण त्या नको म्हणतील हे तिला ठाऊक होतं, आणि हे तोंड हातचं गेलं तर दुसरं मिळणार नव्हतं. तिनं फोन केला नाही. लुगडं बदललं आणि गाडीत बसली.

ठाण्याच्या पायरीवर जीवराम उभा होता. शेठला आणि सुनेला बघून त्याचा चेहरा उतरला. "वहिनी," तो दार अडवून हलकेच म्हणाला, "आज मझार जाऊ नका. घर चाली जा." लताबाईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

साहेब फार चांगला वागला. खुर्च्या दिल्या, चहा सांगितला, शेठच्या तब्येतीची चौकशी केली. जीवरामला जबाब लिहायला बसवलं. जिनलनं सगळं नीट सांगितलं. गुजरातीत फोटो पाडतात, हिलालभाई तिकडे शिकले, त्यांच्या तोंडी तेच बसलं, गावालाही सवय झाली. साहेब मान डोलवत ऐकत होता.

"म्हणजे त्याला पूल पाडायचा नव्हता. पुलाचा फोटो काढायचा होता."

"हो," जिनल म्हणाली.

साहेब खरोखरच हसला. लताबाईला वाटलं, हेच ते हसू. तिनं मनातल्या मनात कानबाई देवीला रोटाचा नैवेद्य कबूल केला.

"लिही रे, जीवराम," साहेब म्हणाला. मग चहाचा घोट घेऊन म्हणाला, "पण ताई, ही तुमची समजूत झाली. तो तर सांगतो, मी त्या दिवशी गेलोच नाही. जो गेलाच नाही तो फोटो काय काढणार?"

लताबाईनं चहाची कपबशी खाली ठेवली. तिनं जीवरामकडे पाहिलं. तो कागदात डोकं घालून बसला होता, आणि त्याचं पेन नुसतंच एका जागी टेकलेलं होतं. ती काही तरी बोलायला गेली. पण जिनल तिच्या आधी बोलली, आणि ती हसत हसत बोलली, कारण तिच्या मनात पाप नव्हतं.

"गेले नाहीत कसे? मला पाठवलाय ना त्यांनी फोटो. त्या सकाळचाच."

तिनं फोन काढला. हिलालला सगळे फोटो एका चौकटीत शेजारी शेजारी बसवून हवे होते, म्हणजे कार्यालयातल्या साहेबाला एका नजरेत तडा वाढलेला दिसेल. त्याला ते जमत नव्हतं, म्हणून महिन्यामागून महिना तो ते जिनलकडे पाठवायचा. गावानं पुसून टाकलेलं सगळं त्या पोरीच्या फोनमध्ये जसंच्या तसं होतं. तोच खांब, तेच अंतर, रुंदावत गेलेली तीच फट. तिनं फोन टेबलावर साहेबासमोर सरकवला. "बघा ना, साहेब. त्यांना पूल वाचवायचा होता."

साहेबानं फोन उचलला आणि बराच वेळ पाहत राहिला. बोटांनी फोटो मोठा केला. शेवटच्या फोटोत तड्याशेजारी टेकलेला हात हिलालचा स्वतःचाच होता. त्या सकाळी कोणीच आलं नव्हतं, म्हणून त्यानं एका हातात कॅमेरा धरून दुसरा खांबावर ठेवला होता. आमच्याकडे जुनी माणसं जत्रेत मनगटावर नाव गोंदवून घेतात, तसं त्याच्याही मनगटावर होतं. साहेबानं ते अक्षर अक्षर लावून वाचलं.

"हे सगळे एका ठिकाणी कोणी बसवले? फार छान बसवलेत."

"मी," जिनल म्हणाली.

जीवरामचं पेन पुन्हा थांबलं. "थांबलास का? लिही," साहेब म्हणाला. सुगनशेठ खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांनी हात जोडले. सून लहान आहे, साहेब, तिला यातलं काही कळत नाही. साहेब म्हणाला, शेठ, घाबरता कशाला, तुम्ही तर सरकारला मदत केलीत. आमच्याकडे काय होतं? एक ओळ. कोर्टानं ती फेकून दिली असती. आता मनाई असताना तो महिन्यामागून महिना तिथे गेला हे आहे, गेलोच नाही असं खोटं बोलला हे आहे, आणि पूल नेमका कुठे कच्चा आहे त्याचं मोजमाप आहे. पाडण्याच्या आधी हे सगळं बघावं लागतं ना? हे तो अगदी शांतपणे, शाळेत गणित समजावून सांगावं तसं सांगत होता.

लताबाई उभी राहिली. "साहेब," ती म्हणाली, "पूल कच्चा शे, हाईच तो दखाडी राह्यंता."

"तेच तर मी म्हणतोय, बाई," साहेब म्हणाला.

फोन जप्त झाला. पंच बोलावले, ते बाजारातलेच दोघे, दोघांच्याही घरात हिलालचे फोटो भिंतीवर. जिनलनं जबाबावर सही केली, कारण त्यात तिनं सांगितल्यापेक्षा एक अक्षरही जास्त नव्हतं. बाहेर आल्यावर तिनं चाचरत लताबाईला विचारलं, "काकी, बरं झालं ना?" लताबाईला तिच्याकडे बघवेना. ती म्हणाली, "हां माय, बरं व्हयनं."

चारुलता मॅडमनी ऐकलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर लताबाईला बरं वाटलं असतं. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, पाडायचा होता म्हटलं तरी गुन्हा आणि काढायचा होता म्हटलं तरी गुन्हा. मग माणसानं बोलायचं तरी कुठल्या भाषेत? जामीन नामंजूर झाला. आरोपी वारंवार घटनास्थळी गेला आणि त्यानं ते लपवलं, असं निकालात होतं. जिनललाही चौकशीला बोलावणं सुरू झालं, एकदा, दोनदा, मग आठवड्याला. शेठनी तिला गुपचूप माहेरी पाठवून दिलं. तिथे जाऊन तिनं नाव बदललं नाही एवढंच, बाकी बोलणं-चालणं बंद केलं, असं कानावर आलं. शेठ लताबाईला एका शब्दानं बोलले नाहीत. गाळ्यातलं उरलंसुरलं सामान हातगाडीवर घालून त्यांनी तिच्या घरी पाठवलं आणि गाळ्याला कुलूप लावलं. तिच्या हातून हे झालं होतं. भित्र्या गावानं तिच्या नवऱ्याचं जे वाकडं केलं नव्हतं, ते तिनं शोधून आणलेल्या एका धीट पोरीनं केलं होतं, आणि चूक त्या पोरीची नव्हती. हे घास उचलताना आठवायचं आणि घास तसाच राहायचा.

गावात आता कोणी फोटो पाडत नाही. काढतात. तेही घरात, दार लावून. लहान पोरगंसुद्धा चुकून जुना शब्द बोललं तर आई त्याच्या तोंडावर हात ठेवते. सारोळखेड्याची भाषा इतकी शुद्ध कधीच झाली नव्हती, मास्तरांना जे जमलं नाही ते पोलिसांनी करून दाखवलं. पूल तसाच आहे. वाहतूक तशीच आहे.

पुढच्या भेटीच्या दिवशी लताबाई सकाळच्या एसटीनं धुळ्याला निघाली. गाडी भरलेली होती. कोणी बाजाराच्या भावाचं बोलत होतं, कोणी लेकीच्या सोयरिकीचं. पूल आला आणि बोलणं थांबलं. पूर्वी पुलावर आलं की लोक खिडकीतून वाकून खांब बघायचे, "कितला व्हयना रे?" म्हणून एकमेकांना विचारायचे. आता सगळ्यांनी माना खाली घातल्या. म्हातारे आपल्या चपला बघू लागले, बाया मांडीवरच्या पिशव्या बघू लागल्या. लताबाई खिडकीशीच बसली होती. नवरा नक्की विचारील, त्याला सांगायला म्हणून तरी बघावं, असं तिनं घरून ठरवून आणलं होतं. बोर्डाजवळ दोन पोलीस खुर्च्या टाकून बसले होते. त्यातल्या एकानं सहज गाडीकडे मान वळवली, आणि लताबाईची मान आपोआप खाली गेली. पूल सरल्यावर बोलणं पुन्हा सुरू झालं, जिथे तुटलं होतं तिथूनच.

काचेपलीकडे हिलाल आला. त्यानं आधी लेकीची, डिंपलची विचारपूस केली, चाळीसगावला ती आणि जावई बरे आहेत का म्हणून. मग जिनलची केली. "त्या पोरले ठाणामा कोन लई गयं?" त्यानं विचारलं.

"मी," लताबाई म्हणाली.

त्यानं मान हलवली. तिला वाटलं, आता तो काही तरी बोलेल, शिवी देईल, निदान तोंड फिरवेल. त्यानं यातलं काही केलं नाही. वेळ संपत आली असताना त्यानं विचारलं, "तडा कितला वाढना शे?"

"माले म्हाइत नही," ती म्हणाली. तिला रडू फुटलं. "पुलवरथीनच गाडी उनी. खिडकीजोडेच बसेल व्हतू. पन बठ्ठासनी माना खाले घाली लिध्यात, मीबी घाली लिधी. मी देखं नही."

हिलालच्या मागे उभ्या असलेल्या पहारेकऱ्यानं वेळ झाल्याची खूण केली.

"बरं करं," हिलाल म्हणाला. "देखू नको."